वैनगंगेकाठचा जपानी मोगली

सिवनीहून नागपूरला परतताना खवाशाला चहासाठी थांबलो, तिथल्या ढाब्याच्या भिंतीवर मोगली रंगवलेला होता. पेंचच्या त्या पट्ट्यात मोगली नसलेली भिंत सापडणं कठीण. रिसॉर्टच्या पाट्यांपासून पाण्याच्या टाक्यांपर्यंत तो सगळीकडे असतो. पण हा निराळा होता. झुपकेदार केस, कमरेला लंगोटी, हातात बूमरँग आणि चेहऱ्याच्या मानाने मोठे, पाणीदार डोळे. रविवारी सकाळी दूरदर्शनवर यायचा तोच. पेंटरने समोर चित्र ठेवून तो काढला नव्हता, आठवणीतून काढला होता, हे बघताक्षणी कळत होतं. बूमरँगला विळ्याचा बाक आला होता आणि मागची झाडं तिथलीच होती, मोह आणि फुललेला पळस. खाली उजव्या कोपऱ्यात 'पेंटर' असं लिहून त्याने स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर घातला होता. चहा संपला, पैसे दिले, गाडीत बसलो, पण ते कोपऱ्यातलं नाव काही डोक्यातून जाईना. भिंत रंगवणाऱ्याचं नाव मला आता ठाऊक होतं. हा चेहरा ज्याने पहिल्यांदा कागदावर उतरवला, त्याचं नाव मात्र लहानपणापासून कधी कानावर आलं नव्हतं.

मी भंडाऱ्याची. नव्वदच्या दशकातल्या आमच्या रविवारला शिकेकाईचा आणि तर्रीचा वास होता. आई न्हाऊ घालायची, केस पुसता पुसता मी टीव्हीसमोर जाऊन बसायचे, आणि शीर्षकगीत सुरू व्हायच्या सुमारास हमखास पडद्यावर मुंग्या यायच्या. मग भाऊ गच्चीवर, मी खिडकीत आणि आजी टीव्हीजवळ, अशी आमची साखळी लागायची. 'आलं का?' 'आलं, आलं, आता हलवू नको!' आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. त्यात बघीराचं काहीच बिघडत नव्हतं, ती काळीच. शेर खान मात्र राखाडी पट्ट्यांचा दिसायचा आणि त्यामुळे जास्तच भीतीदायक वाटायचा. मोगलीबरोबर एक छोटासा झुबकेदार शेपटीचा प्राणी असायचा, त्याला आम्ही मांजर समजायचो. पुढे शेजारच्या काकूंकडे रंगीत टीव्ही आला तेव्हा तो तांबडा निघाला. दुसऱ्या दिवशी गल्लीत केवढी चर्चा झाली त्यावर.

बाबा शाळेत भूगोल शिकवायचे. गोष्टीत वैनगंगेचं नाव आलं तेव्हा ते पेपर बाजूला ठेवून आमच्याजवळ येऊन बसले होते, हे मला स्वच्छ आठवतं. त्यांनी नकाशा काढला. सिवनी जिल्ह्यात मुंडारा नावाचं गाव आहे, तिथे वैनगंगा उगम पावते, तिथून फिरून बालाघाटकडून खाली येते आणि आपल्या गावाजवळून पुढे जाते. म्हणजे मोगली जिथे पाणी पितो, तेच पाणी इथे? बाबा म्हणाले, तेच. त्या वर्षी नदीला पूर आला तेव्हा पुलावरून वाहत येणारे ओंडके बघताना मी प्रत्येक ओंडक्यावर कुणी बसलंय का, हे शोधत होते. ती नदी माझ्यासाठी तेव्हापासून वरच्या अंगाला एका गोष्टीला जोडलेली आहे आणि अजूनही तशीच आहे. गोसेखुर्दचं पाणी अडल्यावर तिचं रूप पार बदललं, तरी पुलावरून जाताना नजर वरच्या बाजूलाच वळते.

त्या गोष्टीचा प्रवास मला फार पुढे, तुकड्यातुकड्यांनी कळत गेला. मोगलीची मूळ गोष्ट, म्हणजे 'जंगल बुक', लिहिणाऱ्या किपलिंगचा जन्म 1865 साली मुंबईत झाला, जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात, कारण त्याचे वडील तिथे शिकवत होते. त्याने सिवनीचं जंगल लिहिलं ते दूर अमेरिकेत, व्हरमाँटच्या बर्फात बसून. तिथून जवळपास शंभर वर्षांनी तोक्योतल्या निप्पॉन अ‍ॅनिमेशनने त्याची 52 भागांची मालिका काढली. फुमिओ कुरोकावा दिग्दर्शक, 1989 ते 90 या काळात ती जपानी मुलांनी पाहिली. मग ती हिंदीत आली. गुलजारांचे शब्द, विशाल भारद्वाजचं संगीत, आणि शेर खानला आवाज नाना पाटेकरांचा. नाना स्वतः जे. जे.चे, तिथल्या उपयोजित कलेच्या संस्थेत शिकलेले. ज्या आवारात मोगलीचा लेखक जन्मला, त्याच आवारात शेर खानचा आवाज चित्रकला शिकत होता! हे कळलं त्या दिवशी मी घरातल्या प्रत्येकाला धरून धरून सांगितलं. आमच्या आजीला नानांचा आवाज लगेच ओळखू आला होता. वाघ बोलायला लागला की ती म्हणायची, 'हा आपल्यातलाच बोलतोय.'

आता मोठ्या डोळ्यांनी ते भाग पाहताना गमती दिसतात. तो तांबडा प्राणी म्हणजे लाल पांडा. तो हिमालयाच्या थंड रानातला, सातपुड्याच्या उन्हात त्याचं काय काम? बूमरँगही पुस्तकात नाही. पुस्तकातला बघीरा नर आहे, जपान्यांनी त्याला मादी केलं. या बदलांवर नाराज होणारे लोक मला भेटलेले आहेत. मला मात्र बघीराला आई-मावशीच्या जागी आणून बसवणं ही त्या मालिकेतली सर्वांत शहाणी गोष्ट वाटते. रानात सापडलेल्या पोराला रागावणारं, चाटणारं, पाठीवर घेणारं कुणीतरी हवं होतं. आमच्या पिढीतल्या अनेकांना बघीरा म्हटलं की आजही 'ती'च आठवते, आणि हे ठरवणारी माणसं सिवनीपासून हजारो किलोमीटरवर, तोक्योच्या पश्चिमेला तामा नावाच्या उपनगरात टेबलाशी वाकून बसलेली होती.

निप्पॉन अ‍ॅनिमेशनचं घराणंच असं होतं. परदेशातलं बालसाहित्य घ्यायचं आणि वर्षभर, आठवड्याला एक भाग, असं सावकाश सांगायचं. त्यांच्या आधीच्या पिढीने 'हायडी' केली तेव्हा इसाओ ताकाहाता आणि हायाओ मियाझाकी स्वित्झर्लंडला जाऊन डोंगर, गोठे, लाकडी घरं बघून आले होते. मालिका 1974 सालची. टीव्हीच्या कार्टूनसाठी कुणी एवढा खर्च करत नसे. त्या शाळेचा परिणाम मोगलीतही दिसतो. पाऊस पडायच्या आधी रान अंधारून येतं, पानं उलटी होतात, माकडं गप्प होतात, हे सगळं गोष्टीला काही गरज नसताना ते दाखवतात. लहानपणी मला तो वेळ फार आवडायचा. काहीच घडत नसायचं आणि डोळे हलायचे नाहीत.

काहीच घडत नाही, तेही कुणीतरी काढलेलं असतं.

हे मला मावसभावाकडून समजलं. दादा नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयातून बाहेर पडला आणि मुंबईला एका स्टुडिओत लागला. तिथे परदेशी मालिकांचं काम यायचं, आणि दादा इन-बिट्वीन, म्हणजे दोन मुख्य चित्रांमधली चित्रं, आणि क्लीनअप, म्हणजे कच्च्या रेघा साफ करणं, हे काम करायचा. एकदा दिवाळीत तो घरी आला असताना मी त्याला विचारलं की तू नेमकं करतोस काय. त्याने पिशवीतून पट्टी काढली, तिच्यावर तीन खुंट्या होत्या, पेग बार म्हणतात तिला. खिडकीच्या काचेवर ती चिकटवली, कारण खालून उजेड देणारा लाइट बॉक्स मुंबईलाच राहिला होता. भोकं पाडलेले कागद त्यात अडकवले. पहिल्या कागदावर चिमणी, पंख वर. पाचव्यावर तीच चिमणी, पंख खाली. ही दोन वरिष्ठांची, की ड्रॉइंग. पहिल्या कागदाच्या कोपऱ्यात एक छोटी उभी रेघ आणि तिच्यावर आडव्या खुणा होत्या. 'हा चार्ट. मधले कागद कुठे पडतील ते हा सांगतो. खुणा वर दाटल्या असतील तर पंख सावकाश निघणार, खाली दाटल्या असतील तर खाली येऊन थबकणार.' मग त्याने आधी तिसरं चित्र काढलं, मग दुसरं, मग चौथं. आणि डाव्या हाताच्या बोटांच्या फटीत एकेक कागद धरून ते असे काही भराभर खालीवर केले की चिमणीने माझ्यासमोर पंख मारला. आई स्वयंपाकघरातून चकलीचा सोऱ्या हातात घेऊन बघायला आली. दादाने परत दाखवलं. 'दिसला ना झटका? दोनवर चूक आहे. पंखाचं टोक वाकडं जायला पाहिजे, मी सरळ आणलं.' त्याने खोडलं आणि परत काढलं. तीन वेळा. मला तर पहिल्याच वेळी ती उडाली होती.

सिनेमात सेकंदाला 24 चौकटी असतात. टीव्हीसाठी एक चित्र दोन किंवा तीन चौकटी थांबवतात, म्हणजे सेकंदाला बारा किंवा आठ चित्रं तरी लागतात. एका भागाला काही हजार कागद होतात. मग काटकसर सुरू होते. बोलताना फक्त ओठ हलवायचे, धड वेगळ्या सेलवर, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या कागदावर, स्थिर ठेवायचं. लांडगे धावतात तेव्हा धावण्याचं एकच चक्र पुन्हा पुन्हा फिरवायचं आणि मागचं रान सरकवायचं. पूर्वी प्रत्येक कागदावरची रेघ सेलवर उतरवायची आणि रंग मागच्या बाजूने भरायचा, म्हणजे पुढून रेघ ठसठशीत राहते. हातात सुती मोजे घालायचे, कारण बोटाचा ठसा उमटला तर कॅमेऱ्यात दिसतो. एवढं करून शेर खान जेव्हा उडी मारतो तेव्हा ती उडी दोन सेकंदांत संपते. आम्ही ओरडायचो, आणि पुढचा प्रसंग सुरू व्हायचा.

दादाचं नाव कुठल्याच मालिकेत आलं नाही. शेवटच्या पाटीवर परदेशी कंपनीचं नाव असायचं, क्वचित त्याच्या स्टुडिओचं. एकदा त्याने केलेला एक प्रसंग टीव्हीवर लागणार होता म्हणून मावशीने अर्ध्या आळीला बोलावलं होतं. एक मुलगा जिना उतरतो, एवढाच तो प्रसंग. मावशीने त्या जिन्याबद्दल पुढे कित्येक वर्षं सांगितलं. नंतर कामं संगणकावर गेली, स्टुडिओने माणसं कमी केली, दादा आता नागपुरात शाळकरी मुलांचे चित्रकलेचे वर्ग घेतो. तो कडवट झालेला नाही, मला मात्र राग येतो. जगभर ही रीत होती आणि आहे. 'डक टेल्स' म्हटलं की आपण डिस्ने म्हणतो, पण त्या मालिकेतली कितीतरी हालचाल जपान आणि तैवानमधल्या स्टुडिओंत काढली गेली. युनिसेफच्या 'मीना' या कार्टून मालिकेचं काम सुरुवातीला मनिलात झालं आणि मग मुंबईत, राम मोहन यांच्या स्टुडिओत. आमच्या लहानपणाचे हात आशियाभर पसरलेले होते.

राम मोहन हे नाव आपल्याकडे घराघरांत असायला हवं होतं. 1956 साली फिल्म्स डिव्हिजनने मुंबईत कार्टून विभाग काढला, त्याला शिकवायला क्लेअर वीक्स आले. हे डिस्नेचे अ‍ॅनिमेटर, 'बॅम्बी'वर काम केलेले, आणि गंमत म्हणजे जन्माने भारतातले, मिशनरी आईवडिलांचे चिरंजीव. त्यांच्या हाताखाली तरुणांची एक तुकडी तयार झाली. राम मोहन मुळात रसायनशास्त्राचे पदवीधर, ते या तुकडीत आले आणि पुढे सगळं आयुष्य चित्रं हलवण्यात घालवलं. जातककथेवरचा 'बनियन डिअर' 1957 मध्ये पूर्ण झाला. पेडर रोडवरची ती फिल्म्स डिव्हिजन. तिथे आता सिनेमाचं संग्रहालय आहे, मी गेले होते. कॅमेरे, पोस्टर्स, जुन्या मोठाल्या यंत्रांपुढे लोक फोटो काढत होते. मी फिरत फिरत कागदाला पाडलेली तीन भोकं शोधत होते.

आणि 'एक अनेक और एकता'. हिच्याबद्दल मला फार बोलावंसं वाटतं. चिमण्या जाळ्यासकट उडतात ती, दूरदर्शनवर दोन कार्यक्रमांच्या मधे अचानक लागायची ती. 1974 सालची ही फिल्म आपण सगळे तोंडपाठ म्हणतो आणि बहुतेकांना वाटतं की ती सरकारने काढली, म्हणजे कुणीच काढली नाही. ती विजया मुळे यांनी केली. मुंबईत जन्मलेली ही मराठी बाई लग्नानंतर पाटण्याला गेली, तिथे फिल्म सोसायटीच्या चळवळीत शिरली, पुढे दिल्लीत शैक्षणिक तंत्रज्ञान केंद्रात काम करताना मुलांसाठी हे सात मिनिटांचं चित्र केलं. सगळे त्यांना अक्का म्हणत. 2019 साली, वयाच्या 98 व्या वर्षी त्या गेल्या. चित्रं भीमसेन यांची. ते फाळणीत मुलतानहून इकडे आलेले, फिल्म्स डिव्हिजनमध्ये पार्श्वचित्रं रंगवता रंगवता राम मोहन यांच्याकडून हालचाल शिकलेले. संगीत आपल्या वसंत देसाईंचं, आणि ते फार हळवं करून जातं, कारण पुढच्याच वर्षी ते गेले. त्यात गाणारी मुलगी म्हणजे दाभोळची साधना सरगम, तेव्हा अगदी चिमुरडी. एकदा हे सगळं माहीत असताना ती फिल्म बघा. त्या दीदीच्या दोन वेण्या, झाडाच्या फांदीचे ते सपाट रंग, चिमण्यांचे एकसारखे डोळे, आणि जाळं उचललं जातं तेव्हा प्रत्येक चिमणीचा पंख किंचित मागेपुढे पडतो. एकच चिमणी काढून तिची नक्कल केली असती तरी आम्हाला चाललं असतं. भीमसेन यांनी तसं केलं नाही.

दर महिन्याला कुठल्या तरी ग्रुपवर 'ते सोनेरी दिवस' असा व्हिडिओ येतो. मोगली, मीना, डक टेल्स, मधे निरमा, मागे रडवेलं संगीत. मीही शेवटपर्यंत बघते, डोळे भरतात, पुढे पाठवते. पण मनात कुठेतरी खटकतं. आम्ही आमचा रविवार आठवत असतो, आमची गच्ची, आमचा अँटेना, आमची आजी. ज्यांनी वाकून वाकून मान धरेपर्यंत ते काढलं, त्यांच्यातलं कुणी या आठवणीत नसतं. सिनेमातल्या नटांची, गाण्यांच्या वादकांची नावं आपण हौसेने शोधून काढतो. कुठल्या गाण्यात बासरी कुणी वाजवली यावर आपल्याकडे रात्र रात्र वाद होतात. मग मोगली नदीत सूर मारतो ते पाणी कुणी काढलं, यावर का नाही? ही विसरण्यासारखी माणसं नव्हती. त्यांच्या चुका आणि त्यांची जिद्द आमच्या डोळ्यांत बसलेली आहे, इतकी की खवाशाचा एक पेंटर आठवणीतून ती भिंतीवर उतरवू शकतो.

2025 च्या जानेवारीत रामायणाचं ते जुनं जपानी-भारतीय अ‍ॅनिमेशन पुन्हा थिएटरला लागलं, तेव्हा दादाला घेऊन गेले. युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन या तिघांचं काम, सगळं हाताने काढलेलं, सुमारे 450 कलाकार आणि 1 लाख सेल्स असं निर्माते सांगतात. नव्वदच्या सुरुवातीला ते तयार झालं, पण त्या काळी ते आपल्या थिएटरांत नीट पोचलंच नाही. कार्टूनवाल्या वाहिनीवर लागायचं तेव्हा मी पाहिलं होतं. मोठ्या पडद्यावर ते पाहताना दादा माझ्या मनगटाला धरून बसला होता. हनुमान समुद्रावरून जातो तिथे तो पुटपुटला, 'बघ, बघ, लाट परत वापरलेली नाही.' मला गोष्ट दिसत होती आणि त्याला कागद. सिनेमा संपला, दिवे लागले, लोक उठले, झाडूवाला आत आला. दादा नावं वाचत बसला. जपानी नावं, आपली नावं. झाडूवाल्याला म्हणाला, 'भाऊ, दोन मिनिटं.'

त्या रात्री मी वही काढली. माझी एक मैत्रीण पुण्याला रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकली आहे. मोगलीच्या जपानी भागांच्या शेवटी जी नावं सरकतात त्यांचे फोटो मी तिला पाठवते आणि ती मला वाचून देते. काम सावकाश चालतं. जपानी नावाचा उच्चार लिपीवरून नेहमी ठरत नाही, एकाच नावाचे दोन उच्चार होऊ शकतात, मग ती दोन्ही लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकते. की ड्रॉइंग करणारे वेगळे, पार्श्वचित्रं करणारे वेगळे, रंग भरणारे वेगळे. एवढं सगळं एकदम होणार नाही, म्हणून मी दादाला फोन करून विचारलं की आधी कुठली यादी घेऊ. त्याने क्षणभरही विचार केला नाही. 'इन-बिट्वीनवाल्यांची घे. त्यांची अक्षरं सगळ्यांत बारीक असतात आणि पाटी सगळ्यांत लवकर जाते.' म्हणून सध्या तीच नावं चालू आहेत. पाटी खरंच फार लवकर जाते. व्हिडिओ थांबवावा लागतो, मागे घ्यावा लागतो, पुन्हा थांबवावा लागतो. मैत्रिणीने परवा पहिलं पान भरून पाठवलं, आणि त्यातलं प्रत्येक नाव मी देवनागरीत लिहून घेतलं आहे.